अमेरिकेतल्या ख्रिश्चन कॉलेजात नवी विद्यार्थी संघटना कशी नोंदवायची?

अमेरिकेतल्या ख्रिश्चन कॉलेजात नवा क्लब काढायचा, तर फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. वेळ खातात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी: क्लबचा उद्देश नेमक्या शब्दांत लिहिणं आणि सही करायला तयार असलेला ऍडव्हायझर, म्हणजे क्लबचा मार्गदर्शक, गाठणं. अर्ज अडकतात तेही बहुधा इथेच.

त्याआधी एक फरक लक्षात घ्या. सरकारी विद्यापीठांना अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्तीचं आणि धर्माचं स्वातंत्र्य जपणारी तरतूद, लागू होते. केवळ विचार पटत नाहीत म्हणून त्यांना एखाद्या विद्यार्थी संघटनेची मान्यता नाकारता येत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ‘हीली विरुद्ध जेम्स’ खटल्यात सांगितलं. खासगी ख्रिश्चन कॉलेजांवर हे बंधन नाही. २००९ मध्ये व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठाने डेमोक्रॅटिक पक्षाशी जोडलेल्या विद्यार्थी क्लबची मान्यता काढून घेतली. पक्षाची भूमिका विद्यापीठाच्या ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही, हे कारण दिलं. उलट टेक्सासच्या बेलर विद्यापीठाने २०२२ मध्ये ‘प्रिझम’ या एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांच्या गटाला मान्यता दिली. दोन्ही संस्था बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतल्या. तेव्हा ‘ख्रिश्चन कॉलेजात असं चालतं का?’ असं कुणाला विचारण्यात अर्थ नाही. आपल्या कॉलेजचं चालू वर्षाचं स्टुडंट हँडबुक, म्हणजे नियमपुस्तिका, उघडा आणि संघटनांचं प्रकरण शेवटपर्यंत वाचा. मागच्या वर्षीची पीडीएफ मित्राकडून घेऊन काम भागवू नका.

<b>अर्ज कोण करू शकतं?</b>

कॉलेजात नाव नोंदवलेले, बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी. संस्थापक सदस्यांची किमान संख्या कॉलेजागणिक बदलते. अध्यक्ष आणि खजिनदारासाठी किमान जीपीएची (सरासरी गुणांकाची) अट असते आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू नसावी लागते.

धर्माचं काय, हा प्रश्न आपल्याकडच्या मुलांना हमखास पडतो. ही कॉलेजं ढोबळमानाने दोन प्रकारची. काही कॉलेजं प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाकडून ख्रिस्ती श्रद्धेची ग्वाही घेतात, म्हणजे तिथे हा प्रश्न दारातच सुटलेला असतो. बाकीची सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना घेतात. अशा ठिकाणी सांस्कृतिक, शैक्षणिक किंवा खेळाच्या क्लबच्या सदस्यत्वाला सहसा धर्माची अट नसते; बायबल अभ्यास किंवा सेवाकार्य करणाऱ्या गटांच्या पदाधिकाऱ्यांकडून मात्र श्रद्धापत्रावर सही मागितली जाते. कम्युनिटी कव्हेनंट, म्हणजे वर्तनाचा करार, कॉलेजात असेल तर तो सगळ्यांनाच लागू. दारूबंदीसारखे त्यातले नियम अनेकदा कॅम्पसबाहेरच्या कार्यक्रमालाही लागू असतात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला बिनपगारी पदाधिकारी व्हायला अडचण नाही. पदासाठी मानधन मिळणार असेल तर ते कॅम्पसवरच्या नोकरीत धरलं जाऊ शकतं आणि सत्र चालू असताना अशा नोकरीला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. होकार देण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओंना, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, विचारा.

<b>कागदपत्रं</b>

भरलेला अर्ज, संस्थापक सदस्यांची नावं, विद्यार्थी क्रमांक आणि सह्या, पदाधिकाऱ्यांची यादी, ऍडव्हायझरचं संमतीपत्र, पहिल्या वर्षाचा कार्यक्रम आणि अंदाजपत्रक, आणि क्लबची घटना, म्हणजे नियमावली. राष्ट्रीय संघटनेची शाखा काढत असाल तर त्या संघटनेची घटनाही जोडावी लागते.

घटनेचा नमुना स्टुडंट ऍक्टिव्हिटीज ऑफिसात मिळतो. सदस्यत्व, निवडणूक, पदावरून दूर करण्याची पद्धत, पैशांचा हिशेब, घटनादुरुस्ती ही कलमं नमुन्यातून जशीच्या तशी उचलली तरी चालतात. रॅगिंगविरोधी कलम गाळू नका. २०२४ च्या अखेरीस झालेल्या संघराज्य कायद्याने कॉलेजांना रॅगिंगच्या प्रकरणांची माहिती जाहीर करणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे ऑफिसं याबाबत कडक असतात.

उद्देशाचं कलम मात्र स्वतः लिहायचं. समजा पक्षीनिरीक्षणाचा क्लब काढायचा आहे. ‘विद्यार्थ्यांमध्ये निसर्गप्रेम व एकोपा वाढवणे’ असं लिहिलंत तर समितीचा पहिला प्रश्न येईल, की हे काम पर्यावरण क्लब करतोच आहे, मग तुम्ही कशाला? त्याऐवजी असं लिहा: ‘सत्र चालू असताना दर शनिवारी सकाळी कॅम्पसवरील पक्ष्यांची नोंद ठेवणे, ती जीवशास्त्र विभागास देणे, आणि सृष्टीची राखण करण्याच्या कॉलेजच्या शिकवणीस हातभार लावणे.’ काय करणार, केव्हा करणार, कुणाच्या उपयोगाचं, सगळं आलं. शेवटचा भाग कॉलेजच्या ध्येयपत्रात खरोखर असेल तरच लिहा. बळेच बायबलमधलं वचन चिकटवलेलं समितीला लगेच कळतं, आणि ते बरं दिसत नाही.

ऍडव्हायझर पूर्णवेळ प्राध्यापक किंवा कर्मचारी लागतो. त्यांना ‘फक्त सही हवी’ म्हणून गाठू नका. कार्यक्रमांना मंजुरी देणं, खर्चावर नजर ठेवणं, सहलीला सोबत येणं ही कामं त्यांच्याकडे येऊ शकतात. वर्षभरात किती वेळ लागेल ते आधीच मोकळेपणाने सांगा.

<b>अर्ज दिल्यानंतर</b>

ऑफिस कागद तपासतं, मग अर्ज स्टुडंट गव्हर्नमेंटच्या, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाच्या, समितीपुढे जातो. धार्मिक गट असेल तर चॅप्लेनचं, म्हणजे कॉलेजच्या धर्मगुरूंचं, मत घेतलं जातं. अंतिम मंजुरी बहुधा डीनची. बऱ्याच कॉलेजांत सत्रातल्या ठरावीक तारखांनाच अर्ज घेतात. तारीख चुकली की थेट पुढच्या सत्रात. नकार आला तर कारण लेखी मागा आणि अपिलाची मुदत हँडबुकात बघा.

मंजुरी बहुतेकदा आधी तात्पुरती असते. त्या काळात खोल्या वापरता येतात, निधी मिळेलच असं नाही. बाहेरच्या बँकेत खातं उघडायला सहसा मनाई असते, पैसे कॉलेजच्या अंतर्गत खात्यातून फिरतात. कॉलेज करमुक्त संस्था असल्यामुळे त्याच्या पैशातून निवडणुकीतल्या उमेदवाराचा प्रचार चालत नाही. चॅपलच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या, वेळेत कार्यक्रम ठेवू नका. काही ठिकाणी रविवारीही परवानगी मिळत नाही. सिनेमा दाखवायचा तर सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो. कुणाच्या तरी नेटफ्लिक्स खात्यावरून हॉलमध्ये लावून टाकला, असं चालत नाही. नाचाच्या कार्यक्रमाचे नियम तर वेगळेच वाचा: इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजात विद्यार्थ्यांचा पहिला अधिकृत नृत्य कार्यक्रम व्हायला २००३ साल उजाडलं, आणि ते कॉलेज १८६० पासूनचं आहे.

मान्यता दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. नूतनीकरण राहिलं की क्लब निष्क्रिय धरला जातो आणि उरलेला निधी सहसा परत जातो. म्हणून शेवटच्या वर्षातल्या पदाधिकाऱ्यांनी निवडणूक वसंत सत्रातच उरकावी आणि घटना, हिशेब, पासवर्ड नव्या लोकांच्या हाती देऊनच कॅम्पस सोडावा.