अक्षम्य पाप

पवित्र आत्म्याविरुद्ध केलेले व म्हणून क्षमेपलीकडचे मानलेले पाप. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील संज्ञा. आधार : बायबलमधील शुभवर्तमाने (येशूची चरित्रे) – मार्क ३:२८–३०, मत्तय १२:३१–३२, लूक १२:१०. येशू बालजबूल या भुतांच्या अधिपतीच्या बळावर भुते काढतो, असा आरोप झाला तेव्हाचे हे वचन. लूकमध्ये ते या प्रसंगापासून सुटे आढळते.

मार्क ३:२९ मध्ये पाठभेद आहे. सिनाई व व्हॅटिकन या हस्तलिखितांत (साधारणतः चौथे शतक) ‘सार्वकालिक पाप’, तर उत्तरकालीन बहुसंख्य ग्रीक पोथ्यांत ‘सार्वकालिक न्यायदंड’. दुर्घट पाठ सुगम करण्याकडे लेखनिकांचा कल असतो. म्हणून पहिलाच पाठ मूळचा दिसतो. या वचनातील ‘ब्लास्फेमिया’ (निंदा) या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये ‘दुर्भाषण’ आहे. त्याने सारा भार जिभेवर पडतो; मार्कचा रोख मात्र डोळ्यांदेखत घडणारे चांगले काम सैतानाचे ठरवण्यावर आहे.

तिसऱ्या शतकात रोमन सम्राट डेसियसच्या छळात धर्म सोडलेल्यांना परत घेण्यास रोममधील धर्मगुरू नोव्हाशियनच्या अनुयायांनी नकार दिला; या पापाला चर्च क्षमा देऊ शकत नाही, असे ते मानत. चर्चने ही भूमिका नाकारली. चौथ्या–पाचव्या शतकातील धर्मवेत्ता ऑगस्टीन याच्या मते अक्षम्य पाप म्हणजे मरेपर्यंत पश्चात्ताप न करणे. तेराव्या शतकातील धर्मवेत्ता थॉमस अक्वायनसने निराशा, हट्ट इत्यादी सहा प्रकार मांडले. ऑगस्टीनचा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. त्यात क्षमेला मर्यादा पडत नाही, ती घेणाराच नसतो. ‘आपल्या हातून हे पाप घडले’ या धास्तीने येणाऱ्याला पाळक बहुधा हेच समजावतात.

‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणारी जळजळ आहे. ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे, हिब्रू ‘शूव’ म्हणजे मागे फिरणे. ‘प्रायश्चित्त’ हा तर हिंदू धर्मशास्त्रग्रंथांतून आलेला शब्द, आणि त्याबरोबर फेडीची कल्पनाही आली.

पश्चात्तापाची दोन वेगळी रूपे ठाणे परिसरात दिसतात. ठाणे ज्या साष्टी बेटावर आहे ते १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. मासुंदा तलावाजवळील संत जॉन बाप्तिस्ता चर्चची स्थापना सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात. येथील ईस्ट इंडियन (मुंबई–ठाणे परिसरातील मूळच्या) कॅथलिकांत पश्चात्तापाला संस्काराचे रूप आहे : धर्मगुरूपुढे पापनिवेदन, मग पापमुक्तीचे वचन. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात त्यासाठी रांगा लागतात, त्यामागे हा नियमही आहे. अहमदनगरकडून (आताचे अहिल्यानगर) ठाणे–नवी मुंबईत आलेल्या मराठी प्रोटेस्टंट कुटुंबांत कबुली थेट देवापाशी, प्रार्थनेत होते.