साठवणीचा गिझर बदलून बिनटाकीचा गिझर बसवण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार. थंडीची चाहूल लागली की पुण्यातील आमच्या ग्राहकांकडून एक प्रश्न हमखास येतो: पंधरा किंवा पंचवीस लिटरचा जुना गिझर काढून, नळ उघडताच गरम पाणी देणारा गिझर बसवावा का? काही घरांना आम्ही आनंदाने होकार देतो, तर काही घरांना जुनाच गिझर ठेवण्याचा सल्ला देतो. त्यामागील कारणे आपल्याला आधीच कळावीत, यासाठी हे पत्रक आहे.

साठवणीच्या गिझरमध्ये पाणी आधी तापते आणि मग वापरले जाते. पंधरा लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलेले असेल आणि थंड पाणी १८ अंशांचे असेल, तर दोन्ही मिसळून अंघोळीजोगे, म्हणजे ४० अंशांचे, सुमारे २८ लिटर पाणी मिळते. याचा अर्थ एका मोठ्या बादलीचे काम भागते आणि दुसरी अर्ध्यावर थांबते. पुढच्या माणसाला वीसेक मिनिटे वाट पाहावी लागते. चार माणसांना सकाळी सात ते आठ या एकाच तासात बाहेर पडायचे असेल, तर घरातील कुरबुरीचे मूळ इथे असते. बिनटाकीच्या गिझरमध्ये पाणी वाहता वाहता तापते, त्यामुळे ते संपत नाही. परंतु ते किती वेगाने मिळेल, हे पूर्णपणे गिझरच्या ताकदीवर ठरते.

बाजारात ‘इन्स्टंट’ म्हणून मिळणारा विजेवरचा गिझर बहुधा ३ किलोवॅटचा असतो आणि त्याच्या पोटात एक ते तीन लिटरची लहान टाकी असतेच. वर सांगितलेल्या थंडीत हा गिझर मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी सलग देऊ शकतो, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला दहा मिनिटे लागतात. स्वयंपाकघरातील भांड्यांसाठी किंवा बेसिनसाठी तो उत्तम आहे. शॉवरसाठी तो घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय तो सुमारे १३ अँपिअर प्रवाह ओढतो. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पुरेशा जाडीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच), चालू स्थितीतील अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) असल्याशिवाय आमचा वायरमन जोडणी करत नाही.

गॅस गिझरचे गणित वेगळे आहे. मिनिटाला सहा लिटरचा गिझर साधारण साडेदहा किलोवॅट इतकी उष्णता पाण्याला देतो आणि वीस लिटरची बादली साडेतीन मिनिटांच्या आत भरतो. एका बादलीला सुमारे ५० ग्रॅम एलपीजी लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधून हिशेबाने २८० च्या आसपास बादल्या निघतात. त्याच बादलीला विजेवर अर्धे युनिट लागते. आपल्या विजेच्या आणि गॅसच्या बिलावरील दर घालून ही तुलना आपण स्वतः करून पाहावी. जुना गिझर अंघोळीपूर्वी अर्धा तास लावून लगेच बंद करण्याची शिस्त आपल्या घरात असेल, तर केवळ बिल वाचवण्यासाठी तो बदलण्यात फारसा अर्थ नाही; ज्यांचा गिझर दिवसभर चालू राहतो, त्यांची बचत खरी.

आता सर्वांत महत्त्वाचे. गॅस गिझर आम्ही बाथरूमच्या आत कोणत्याही परिस्थितीत बसवत नाही, ग्राहकाने लेखी हमी दिली तरी नाही. बंद जागेत बर्नरने प्राणवायू वापरून टाकला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो, रंगही नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो, आधी डोके जड होते, चक्कर किंवा मळमळ येते, आणि कडी उघडण्याइतकेही त्राण न उरता माणूस बेशुद्ध पडू शकतो. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. पूर्वीचा तांब्याचा बंब बहुधा मागच्या अंगणात धुमसत असे. धूर डोळ्यांना झोंबायचा म्हणून त्याला बाहेर ठेवणे कोणाला शिकवावे लागले नाही. गॅस गिझरचा धूर दिसत नाही, एवढाच फरक. असा प्रसंग ओढवलाच, तर दार उघडून व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

त्यामुळे गिझरची योग्य जागा म्हणजे बाहेरच्या हवेला खुली असलेली ड्राय बाल्कनी. ती काचांनी बंद केलेली असेल, तर ती मोकळी करावी लागेल. तिथून बाथरूमपर्यंतचा अर्ध्या इंची पाइप आठ मीटर असेल, तर प्रत्येक वेळी आधी लिटरभर थंड पाणी येईल. ते बादलीत धरावे. गरम पाण्यासाठी आम्ही सीपीव्हीसी (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप वापरतो. रबरी गॅस नळी दीड मीटरपेक्षा लांब ठेवत नाही आणि ती भिंतीतून नेत नाही. अंतर जास्त असेल तर तांब्याची नळी टाकावी लागते. पाइपचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस यांचे गिझर वेगळे असतात, म्हणून आपल्याकडे कोणती जोडणी आहे ते आधीच सांगावे. गच्चीवरील सोलरचे तापलेले पाणी या गिझरमध्ये सोडू नये.

बसवल्यानंतर येणारी नेहमीची तक्रार म्हणजे अंघोळीच्या मध्येच पाणी गार होणे. बहुतेक वेळा दोष गिझरचा नसतो. मिक्सरचा थंड बाजूचा नळ जास्त उघडला की गिझरमधून जाणारा प्रवाह कमी होतो आणि बर्नर आपोआप विझतो. म्हणून उष्णता गिझरवरील बटणाने ठरवावी. अनेक गिझर वीस मिनिटांनी स्वतःहून बंद होतात, तेही सुरक्षिततेसाठीच. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली, तर वापर थांबवून आम्हाला कळवावे. बोअर किंवा टँकरचे जड पाणी असलेल्या सोसायट्यांनी वर्षातून एकदा आतील क्षार काढून घ्यावेत.

आम्हाला बोलावण्यापूर्वी एक चाचणी घरीच करावी. पाण्याची टाकी अगदी डोक्यावर असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब बहुधा कमी असतो. ज्या नळाला गरम पाणी हवे, त्याखाली वीस लिटरची बादली ठेवून घड्याळ लावावे. ती भरायला सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर गॅस गिझर पेटण्याची खात्री देता येत नाही आणि आधी दाब वाढवणारा पंप बसवावा लागेल, ज्याचा खर्च आम्ही अंदाजपत्रकात वेगळा दाखवतो.