सजीवांचा प्रत्यक्ष अभ्यास (शालेय)

जिवंत वनस्पती, कीटक, सूक्ष्मजीव वर्गात आणून किंवा शाळेच्या आवारात गाठून मुलांनी स्वतः त्यांचे निरीक्षण करावे, त्यातून प्रश्न काढावा, तो तपासून पाहावा आणि नोंदी ठेवाव्यात, या अध्यापनपद्धतीला सजीवांचा प्रत्यक्ष अभ्यास म्हणतात. महाराष्ट्रात ती मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या ‘परिसर अभ्यास’ आणि सहावी ते आठवीच्या ‘सामान्य विज्ञान’ या विषयांच्या आधाराने चालते. प्रस्तुत नोंदीत पुणे शहर व परिसरातील हवामान, झाडझाडोरा आणि संस्था डोळ्यांसमोर ठेवून या पद्धतीचा विचार केला आहे.

प्रात्यक्षिक आणि शोध यांत फरक करावा लागतो. शिक्षकाने टेबलावर करून दाखवायचे आणि मुलांनी वहीत ‘अनुमान’ उतरवून घ्यायचे, हे प्रात्यक्षिक. त्याचे उत्तर प्रयोगाआधीच पुस्तकात छापलेले असते. शोधात उत्तर कोणालाच ठाऊक नसते, निदान त्या झाडापुरते आणि त्या आठवड्यापुरते तरी. मुलांचा पहिला प्रश्न बहुधा ‘का?’ असा असतो: लाजाळूची पाने का मिटतात? वर्गात त्याचे उत्तर शोधता येत नाही, फार तर सांगता येते. पण ‘एकाच पानाला पुन्हापुन्हा हात लावला तर ते दर वेळी तितकेच मिटते का?’ हा प्रश्न एक कुंडी आणि भिंतीवरचे घड्याळ एवढ्यावर तपासता येतो. ‘का’चे असे ‘जर-तर’ करून देणे हेच या पद्धतीतले शिक्षकाचे खरे काम. साहित्य जमवणे त्यामानाने सोपे असते.

ज्याला सर्रास ‘प्रकल्प’ म्हटले जाते त्याचा या पद्धतीशी संबंध थोडाच. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेला फुलपाखराच्या जीवनचक्राचा तयार तक्ता थर्माकोलवर चिकटवण्यात पालकांची संध्याकाळ जाते. मुलाने अळी पाहिलेली नसते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या विचाराची मुळे जुनी आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात काम करताना गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी ‘कुरणशाळा’ चालवली. तिथे झाड, पाखरू, दगड हेच शिकण्याचे साहित्य होते. पुढे १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने ‘आधी करा, मग बोला’ या पद्धतीला अभ्यासक्रमाचे रूप दिले. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला आणि तो २००२ पर्यंत चालला. पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन या कार्यक्रमात गेले. नंतर ते पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे मुलांबरोबर काम करत होते. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान ही त्यांची ओळख असली, तरी त्यातला मोठा भाग भौतिकशास्त्राचा आहे. सजीव टाकाऊतून बनत नाहीत, त्यांना वाढवावे लागते. बहुधा त्यामुळेच जीवशास्त्र या चळवळीत थोडे मागे राहिले.

राज्याची पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ १९६७ पासून पुण्यातच आहे आणि शिक्षक-प्रशिक्षणाची राज्य परिषद कुमठेकर रस्त्यावर. ‘ज्ञानरचनावाद’ (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार) हा शब्द गेल्या दोन दशकांत शिक्षकांच्या तोंडी रुळला. तो भिंती रंगवण्यापलीकडे किती गेला, हे मात्र शाळेगणिक वेगळे आहे.

पावसाळा आणि शाळा

पुण्यात शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि मोसमी पाऊसही त्याच सुमारास येतो. जीवशास्त्राच्या शिक्षकाला याहून चांगले वेळापत्रक मिळणार नाही. पहिल्या दोन महिन्यांत गांडुळे, गोगलगाई, वाणी किडे, भिंतीवरचे शेवाळ, ओल्या लाकडावरच्या छत्र्या, रातोरात उगवलेला तरवटा असे सगळे शाळेच्या फाटकाच्या आत सापडते. पाठ्यपुस्तकात ‘सजीवांचे वर्गीकरण’ पुढच्या सत्रात असले तरी ते जुलैत घ्यावे, असे अनुभवी शिक्षक म्हणतात ते याचसाठी. मार्चमध्ये तेच आवार करडे आणि कोरडे असते.

पावसाळ्यात सहज मिळणारी मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची आहे. भारतात ती एकोणिसाव्या शतकात आली आणि आज शेतकऱ्याला नकोशी झालेली आहे. ती आकाराने मोठी आणि संथ असल्याने लहान मुलांना निरीक्षणाला उत्तम. काचेवर चालवून खालून पाहिले की पायाच्या स्नायूंच्या लाटा मागून पुढे सरकताना स्पष्ट दिसतात. मात्र तिच्यात मेंदूला अपाय करणारा सूत्रकृमी (बारीक जंत) असू शकतो. म्हणून तिला उघड्या हाताने धरू नये, आणि पाहून झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

कढीपत्त्यावरची अळी

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत आणि वाड्यांच्या उरल्यासुरल्या परसात कढीपत्ता असतो. लिंबू आणि कढीपत्ता या एकाच कुळातील झाडांवर ‘लिंबाळी’ आणि ‘बहुरूपी’ ही फुलपाखरे अंडी घालतात. टाचणीच्या डोक्याएवढे पिवळसर अंडे कोवळ्या पानावर एकेकटे असते. त्यातून निघणारी अळी काळपट, मधे पांढरा डाग असलेली, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मुले ती पहिल्या खेपेला झटकून टाकतात, आणि भक्षकाची फसगत कशी होते हे सांगावेच लागत नाही. चार वेळा कात टाकून ती पाचव्या अवस्थेत हिरवीगार होते. तिला काडीने हळूच डिवचले की डोक्यामागून लालसर दुभंगलेली शिंगे बाहेर येतात आणि आंबट उग्र वास सुटतो. हा क्षण मुले विसरत नाहीत. पण दिवसभर डिवचत राहिले तर अळी खायचे थांबते, तेव्हा डिवचण्याची पाळी एकाच गटाला, एकदाच.

पालनासाठी झाकणाला मलमल बांधलेला प्लास्टिकचा डबा, तळाशी कागद आणि बाटलीच्या बुचातून पाण्यात खोवलेली फांदी एवढे पुरते. पाला मंडईतल्या जुडीतला देऊ नये, त्यावर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. फवारणी न होणाऱ्या झाडाचा आणावा. रोज दोन नोंदी घ्यायच्या: अळीची लांबी आणि खाल्लेल्या पानाचे क्षेत्रफळ. पान आलेख-कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा, कमी भरलेला सोडायचा, हा क्षेत्रफळाचा नियम गणितात कंटाळवाणा वाटतो, इथे त्यावर भांडणे होतात. शेवटच्या अवस्थेत आलेख एकदम वर चढतो. पहिल्या आठवड्यात एक पानही न संपवणारी अळी आता फांदी बोडकी करते. नंतर ती एक दिवस काहीच खात नाही, पोट रिकामे करते, कमरेभोवती रेशमी धागा बांधून कोषात जाते. कोष हिरवा की तपकिरी, हे आसपासच्या पृष्ठभागावर बरेचसे अवलंबून असते, आणि हा स्वतंत्र प्रयोगाचा विषय होऊ शकतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो.

काही कोषांतून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या बाहेर पडतात. शिक्षकाला वाटते प्रयोग फसला. खरे तर परजीवी कीटक हा याहून मोठा धडा आहे. एवढी अंडी असूनही गाव फुलपाखरांनी का भरून जात नाही, याचे अर्धे उत्तर त्या कोषात असते.

मोड, मुंग्या आणि डास

बियांचे अंकुरण हा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त वाया घालवलेला प्रयोग. पट्टीला तीन बिया बांधून पट्टी पेल्यात उभी करायची: एक बी पाण्याबाहेर, एक पाण्याच्या पातळीवर, एक तळाशी. मधली रुजते, तळाची हवेअभावी कुजते, ‘हवा व पाणी दोन्ही लागतात’ असे लिहून वह्या मिटतात. मटकीला मोड आणणे मात्र घरोघरी चालते आणि तिथे प्रश्नांची रेलचेल आहे. कुणाकडे ओल्या फडक्यात बांधून टांगतात, कुणाकडे झाकणाच्या डब्यात ठेवतात, कुणाची आजी पुरचुंडी गॅसजवळ सरकवते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट दहा-बारा अंशांवर येते आणि मोड यायला उन्हाळ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागतो. तापमानाचा परिणाम हा धडा त्यामुळे आयताच हाती येतो. ज्या वर्गाने ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारीत त्याच मटकीच्या मोडांची लांबी मोजली, त्याला थर्मोस्टॅटची गरज नाही.

मुंग्यांचा प्रयोग ‘बाकी सगळे सारखे ठेवणे’ म्हणजे काय ते शिकवतो. साखर, गूळ, मीठ आणि शेंगदाण्याचा कूट कागदी चकत्यांवर ठेवून कशावर किती मुंग्या येतात ते मोजायचे. पहिल्या खेपेला गूळ जिंकतो, आणि मग कोणीतरी म्हणते की गुळाची चकती बिळाच्या तोंडाशीच होती. चिमूट सारखी, अंतर सारखे, जागांची अदलाबदल करून पुन्हा: हे मुले स्वतः सुचवतात. काही जातींच्या मुंग्या साखर सोडून कुटावर तुटून पडतात आणि पाठ्यपुस्तकी अंदाज कोसळतो.

डासांच्या अळ्यांबाबत शाळा कचरतात, ते समजण्यासारखे आहे. पावसाळ्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी साठलेले पाणी शोधत फिरतात. तरी झाकणावर दुहेरी जाळी बांधलेल्या बरणीत काही दिवस अळ्या ठेवून पाहण्यासारखे दुसरे काही नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला तिरकी, डोके खाली करून लटकते. मलेरियाच्या ॲनाफिलिस डासाची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. बरणीवर बोटाने टकटक केली की सगळ्या बुडी मारतात आणि श्वास घ्यायला वर येतात. किती वेळाने येतात, सतत टकटक केली तर बुडी मारायचे थांबतात का, हे मोजता येते. कोष दिसू लागताच पाणी कोरड्या मातीवर ओतून द्यावे.

सूक्ष्मदर्शक

अनेक शाळांत सूक्ष्मदर्शक असतो आणि कपाटाची किल्लीही असते, फक्त दोन्ही एका वेळी वर्गात येत नाहीत. कागदाच्या घड्यांचा ‘फोल्डस्कोप’ हा त्यावरचा उपाय अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी काढला. २०१४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो सुमारे १४० पट मोठे दाखवतो आणि पडला तरी फुटत नाही. कांद्याचा पापुद्रा आयोडीनच्या थेंबात पाहताना निम्मी मुले जाड काळ्या कडेचे गोल मोठ्या उत्साहाने ‘पेशी’ म्हणून काढतात. ते हवेचे बुडबुडे असतात. अशी चित्रे खोडायला न लावता शेजारी बुडबुड्याचे चित्र मुद्दाम काढून घ्यावे. बागेतल्या र्‍हिओच्या जांभळ्या पानाखालचा पापुद्रा त्याहून सोपा, पर्णरंध्रे तिथे हिरवी उठून दिसतात. सूक्ष्मजीवांसाठी वाळक्या गवताचे पाणी आठवडाभर ठेवावे. मुळा-मुठेचे पाणी शहराच्या हद्दीत सांडपाण्याने भरलेले असल्याने वर्गात आणू नये.

टेकडी

वेताळ टेकडी, पर्वती, तळजाई यांमुळे पुण्यातल्या बऱ्याच शाळांना चालत जाण्याजोगे मोकळे रान मिळते. एक मीटर बाजूचा दोरीचा चौकोन टाकून त्यातील वनस्पतींच्या जाती मोजणे ही मुख्य कृती. वेताळ टेकडीवर वन खात्याने लावलेल्या गिरिपुष्पाच्या दाट सावलीत एक चौकोन आणि उघड्या गवतात दुसरा टाकला, की परक्या झाडांच्या लागवडीवर पुण्यात वर्षानुवर्षे चालणारा वाद मुलांना आकड्यांत दिसतो.

गाजर गवताचा पुण्याशी खास संबंध आहे. भारतात त्याच्या प्रसाराची पहिली नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यातूनच झाली. ते खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये देशात आणला गेला आणि पावसाळ्यात तो त्याच्या पानांवर दिसतो. किती झाडांपैकी किती कुरतडलेली, हे लांबून मोजता येते. या गवताने त्वचेला आणि श्वासाला त्रास होत असल्याने हात लावणे वर्ज्य.

पथ्ये

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पोपट किंवा तारा कासव वर्गात पाळणे हा गुन्हा आहे. घरटी आणि अंडी उचलू नयेत. शाळांतून बेडकाचे विच्छेदन इतिहासजमा झाले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदवी स्तरावरही प्राण्यांचे विच्छेदन बंद केले. विच्छेदनाची हौस जास्वंदीवर भागते. शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटांना हात लावू नये. पावावरची बुरशी बंद पिशवीतच पाहावी आणि पिशवी न उघडता फेकावी. आणलेला प्राणी अभ्यास संपल्यावर जिथून आणला तिथेच सोडावा. शंखी गोगलगायीसारख्या उपद्रवी जातीबाबत हा नियम अडचणीचा ठरतो, म्हणून तिला वर्गात न आणता जागेवरच पाहावे.

मूल्यमापन

आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या साधनांत प्रयोग, उपक्रम आणि प्रकल्प यांना जागा आहे. अडचण तासिकेची आहे: पस्तीस-चाळीस मिनिटांत अळी कात टाकत नाही. ज्या शाळांनी रोज प्रार्थनेनंतरची पाच मिनिटे नोंदींना दिली, त्यांचे काम टिकते. गुण देताना निष्कर्षापेक्षा नोंदवही पाहावी. रविवारचा रकाना रिकामा ठेवून ‘शाळा बंद’ लिहिणाऱ्याला तो अंदाजाने भरणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळाले पाहिजेत. १० ते १७ वयोगटासाठी १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आणि सहावी व नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा यांत अशा कामाला वाव आहे. मात्र स्पर्धेसाठी घाईने उरकलेला महिनाभराचा प्रकल्प आणि वर्षभर चाललेली वर्गातली वही यांत परीक्षकाला फरक दिसतोच असे नाही.