बारा अंशांवरची बिअर

मँचेस्टरमधला जानेवारी म्हणजे दुपारी चारला दाटून येणारा काळोख आणि दिवसभराची बुरबुर. अशाच एका संध्याकाळी मित्रानं मला 'मँचेस्टर सेंट्रल'मध्ये नेलं. १८८० साली सुरू झालेलं हे रेल्वे स्टेशन १९६९ मध्ये बंद पडलं. त्याची चौसष्ट मीटर रुंदीची एकसंध कमान मात्र अजून उभी आहे, आणि २०१६ पासून काही वर्षं दर जानेवारीत तिच्याखाली बिअर-सायडरचा महोत्सव भरायचा. जिथे गाड्या लागायच्या तिथे पिंपांच्या रांगा, आडव्या, लोखंडी घोड्यांवर निजवलेल्या.

मी 'ओल्ड टॉम' मागितली. शेजारच्या स्टॉकपोर्टमधल्या रॉबिन्सन्स या ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची ही बिअर, ८.५ टक्के अल्कोहोलची. नाव ब्रुअरीतल्या बोक्याचं. १८९९ सालच्या वहीत ब्रुअरनं त्याचं तोंडही रेखाटून ठेवलंय. पेला छोटा, पाइंटचा तिसरा हिस्सा, म्हणजे १९० मिलिलिटर. घोट घेतला आणि मनात आलं, गार करायला विसरले वाटतं!

आपल्याकडे बिअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार, बाटलीला घाम फुटलेली. पण इथे विसरलं कोणीच नव्हतं. पिंपांना गार पाणी फिरवणारी जाकिटं घातली होती, आणि ती सगळी यातायात बिअर ११ ते १३ अंश सेल्सिअसवर राहावी यासाठी होती. त्याखाली जाऊ नये हीदेखील काळजी होतीच.

कारण जिभेत आहे. गोड, कडू आणि उमामी चवींची खबर पुढे पाठवणाऱ्या पेशींत टीआरपीएम-५ नावाचं एक प्रथिन असतं. ते म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार, आणि हे दार उबेनं जास्त उघडतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान त्याचा प्रतिसाद झपाट्यानं वाढतो. वितळलेलं आइस्क्रीम नकोसं गोड लागतं ते यामुळेच. साखर तेवढीच असते, दार जास्त उघडलेलं असतं. घोट तोंडात घोळला की बारा अंशांचा वीस-पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. दोन अंशांची बिअर मात्र गिळून होईपर्यंत गारच राहते. वासाचं तर उघडच आहे. सुवासिक रेणू उडाले तर नाकापर्यंत पोचणार, आणि गारठ्यात ते फारसे उडत नाहीत. हलक्या लागरमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या फिकट बिअरमध्ये, लपवण्यासारखं फार नसतं आणि दाखवण्यासारखंही फार नसतं, म्हणून ती बर्फात ठेवली तरी चालते. आठ-नऊ टक्क्यांची काळी बिअर तशी प्यायली तर पैसे पाण्यात.

फेसाचंही तसंच. बाटलीतल्या लागरमध्ये एका लिटरला सुमारे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो. पिंपातल्या एलमध्ये, म्हणजे या इंग्लिश बिअरमध्ये, जेमतेम एक लिटर, फार तर थोडा अधिक. त्यामुळे जिभेला ती चुरचुर नाही, आणि चुरचुरीखाली दबणाऱ्या चवी मोकळ्या.

आणि चवी होत्या तरी किती! खारीक, काकवी, जरा करपलेला पाव. यातली बरीचशी देणगी भट्टीची. सातूला, म्हणजे जवाला, भिजवून मोड आणायचे आणि वाळवायचं. नाचणीचं सत्त्व करताना आपण जे करतो तेच. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात. असा मोड आणून वाळवलेला दाणा म्हणजे माल्ट. तो किती भाजायचा यावर रंग ठरतो. अमिनो आम्लं आणि साखर तापल्यावर जी शेकडो संयुगं होतात, त्या प्रक्रियेला लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्यानं ती १९१२ मध्ये मांडली. बेसन लाडवासाठी डाळीचं पीठ भाजताना घरभर खमंग वास सुटतो तो क्षण म्हणजे मायारची प्रक्रिया. आपल्या आज्यांनी तिला नाव दिलं नाही इतकंच.

पूर्वी काळी बिअर करायला सगळाच माल्ट तपकिरी भाजत. मग ब्रुअरांच्या हाती द्रवाची घनता मोजणारं हायड्रोमीटर आलं आणि कळलं, की फिकट माल्टमधून साखर कितीतरी जास्त मिळते. तपकिरी माल्टमध्ये बराच पैसा धुरात जातो आहे. तेव्हा बिअर फिकट माल्टचीच करायची, पण मग काळा रंग कुठून आणायचा? १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरनं त्याचं उत्तर पेटंट केलं: कॉफीसारखा फिरत्या पिंपात माल्ट काळाकुट्ट भाजायचा आणि मूठभरच घालायचा. आजच्या पोर्टर-स्टाउट या काळ्या बिअरांचा काळेपणा या मुठीतून येतो.

हिवाळ्याशी या बिअरचं नातं मात्र रंगापेक्षा जुनं आहे. फ्रिज नव्हते तेव्हा उन्हाळ्यात बिअर करणं म्हणजे जुगार होता. हवेतले जिवाणू यीस्टच्या आधी ताबा घ्यायचे आणि अख्खा घाणा आंबट व्हायचा. बव्हेरियात तर १५५३ मध्ये ड्यूकनं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायला बंदीच घातली. इंग्लंडमध्ये बंदी नव्हती, पण शहाणे लोक ऑक्टोबर ते मार्च यातच काम उरकत. ऑक्टोबरची बिअर सगळ्यांत जोरकस असायची. नवा सातू, नवे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), आणि पुढे वर्षभर किंवा अधिक काळ लाकडी पिंपात मुरायला ठेवायची.

ही 'ऑक्टोबर बिअर' आपल्याकडेही आली होती. लंडनच्या बो भागातल्या जॉर्ज हॉजसनची बिअर १८ व्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांपर्यंत पोचायची. भारतासाठी मुद्दाम नवी टिकाऊ बिअर शोधून काढली, ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण खरी नाही. मुरवायची बिअर घरी आधीच होती. समुद्रावर विषुववृत्त दोनदा ओलांडताना ती लवकर मुरली, एवढंच.

मुरणं म्हणजे नेमकं काय, ते १९०४ मध्ये कळलं, तेही इंग्लंडात नव्हे, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. निल्स येल्टे क्लाउसन यानं जुन्या इंग्लिश बिअरमधून एक संथ यीस्ट वेगळं केलं आणि त्याचं नाव ठेवलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी'. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या साखरा ते महिनोन्‌महिने चघळत बसतं आणि चामड्यासारखा, घोड्याच्या तबेल्यासारखा वास सोडतं. वर्णन वाचून नाक मुरडू नका. पिकलेल्या फणसाचं वर्णन परक्या माणसाला करून पाहा.

एलचं पिंप महोत्सवात येतं तेव्हाही आत यीस्ट जिवंत असतं. वरच्या बुचात बांबूची सच्छिद्र खुंटी ठोकतात, जादा वायू तिच्यातून निघून जातो. मग घट्ट लाकडाची खुंटी बसवतात. पिंप हललं की गाळ उठतो, म्हणून ते आधीच आणून निजवायचं. एकदा तोटी उघडली आणि आत हवा गेली की साधारण तीन दिवस. त्यानंतर बिअरचं व्हिनेगर करणारे ॲसेटिक जिवाणू कामाला लागतात.

गाळ लवकर बसावा म्हणून जे घालतात ते ऐकून मी हसलो. माशाचा फुगा! इसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतलं कोलॅजेन. बिअरमध्ये त्याच्यावर धनभार असतो, यीस्टवर ऋणभार. दोघं एकमेकांना चिकटतात आणि तळाशी जाऊन बसतात. पूर्वी हे रशियातल्या स्टर्जन माशापासून यायचं आणि महाग पडायचं. गॅसच्या दिव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम मर्डॉकनं १७९५ मध्ये स्वस्त कॉड माशाचा पर्याय काढून दिला. सातपाटी-वसईच्या कोळ्यांना ही पिशवी चांगलीच ठाऊक आहे. घोळ माशाचं बोत ते हेच. माशापेक्षा बोताला भाव जास्त आणि ते हाँगकाँग-सिंगापूरला जाणार. हल्ली शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी बऱ्याच ब्रुअऱ्या इसिंग्लास टाळतात आणि बिअर गढूळच देतात. चवीत मला तरी फरक कळला नाही.

आता सायडर. हा शब्द ऐकला की आपल्याला व्हिनेगरची बाटली आठवते. इंग्लंडच्या पश्चिमेला, हर्फर्डशर-सॉमरसेटकडे, ही सफरचंदाची दारू आहे. यातली सफरचंदं खायला घेतलीत तर थुंकून टाकाल. इंग्रजीत या चवीसाठी 'ॲस्ट्रिंजंट' असा पुस्तकी शब्द आहे, आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला: तुरट. फळातलं टॅनिन नावाचं द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड सुपारी चघळल्यासारखं कोरडं पडतं. लाँग ॲश्टनच्या संशोधन केंद्रात १९०३ मध्ये बी. टी. पी. बार्कर यांनी यावरूनच सफरचंदांची प्रतवारी लावली. आम्ल ०.४५ टक्क्यांहून जास्त की कमी, टॅनिन ०.२ टक्क्यांहून जास्त की कमी, आणि त्यातून चार गट. किंग्स्टन ब्लॅकसारखं फळ आंबटही असतं आणि तुरटही, म्हणून एकट्याच्या जिवावर सायडर देऊ शकतं.

कोकणात सकाळी उतरवलेली माडी संध्याकाळपर्यंत फसफसून आंबते. हर्फर्डशरमध्ये ऑक्टोबरात पिळलेल्या रसालाही सालीवरचं, चरकावरचं रानटी यीस्टच लागतं, पण ते गारठलेल्या कोठारात महिनोन्‌महिने आंबत राहतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की अशा प्रक्रिया साधारण निम्म्या वेगानं किंवा त्याहूनही हळू चालतात. या संथपणाचा फायदा असा, की फळाचा सुवास वायूबरोबर भसाभस उडून जात नाही. जानेवारीत जुन्या पद्धतीच्या शेतकऱ्याचं पिंप अजून बुडबुडतच असतं. वसंतात कोठार तापलं की ईनोकॉकस नावाचा जिवाणू जागा होतो आणि बोचऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतो. त्यात वायू सुटतो आणि शांत झालेलं पिंप पुन्हा कुजबुजू लागतं. बागेत सफरचंदाला मोहोर येतो तेव्हाच पिंपातला रस जागतो, ही तिकडची जुनी समजूत. थर्मामीटर दोघांचं एकच.

नाशपातीपासून करतात ती पेरी. तिच्यात सॉर्बिटॉल असतं, ते यीस्टला खाता येत नाही, म्हणून सगळी साखर संपली तरी पेरी किंचित गोड राहते. सॉर्बिटॉल आपल्या आतड्यांनाही नीट झेपत नाही. पेला भरताना काउंटरवरचे आजोबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "एकच घ्या. तिकडे संडासाबाहेर रांग आहे."

ते तंतोतंत पाळून आम्ही बाहेर पडलो. जोरकस बिअरला इंग्रज 'विंटर वॉर्मर' म्हणतात, आणि मला खरंच ऊब वाटत होती; मफलर मी कधीच पिशवीत कोंबला होता. तिसऱ्या हिस्स्याच्या त्या छोट्या पेल्यात सोळा मिलिलिटर अल्कोहोल होतं, साध्या चार टक्क्यांच्या अख्ख्या पाइंटच्या सत्तर टक्के. अल्कोहोलनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीखाली येतं, तिथल्या संवेदकांना ऊब लागते आणि मेंदू खूश होतो. प्रत्यक्षात तीच ऊब शरीरातून बाहेर चाललेली असते; आतलं तापमान घसरतं आणि उष्णता देणारी थरथरही मंदावते.

बाहेर दोन अंश होते आणि ट्रॅमला नऊ मिनिटं होती. मित्र माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मफलर काढ रे बाहेर." मी काढला.