युन-युआन

युन-युआन : तैवानी गायिका तेरेसा तेंग (२९ जानेवारी १९५३ – ८ मे १९९५) हिचे दफनस्थान व स्मृतिउद्यान. तैवानच्या उत्तर किनाऱ्यावरील चिनशान परिसरात, ‘चिनपाओशान’ या डोंगरउतारावरच्या खाजगी दफनभूमीत ते असून तेथून समुद्र दिसतो. समाधीशिला, तिच्यामागे दगडात कोरलेला गायिकेचा निद्रिस्त चेहरा, प्रवेशाजवळ गाणाऱ्या मुद्रेतील सोनेरी पुतळा आणि जमिनीत बसवलेली पियानोची अजस्र पट्टी ही उद्यानाची मुख्य अंगे होत. ध्वनिक्षेपकांतून तिची गाणी चालू असतात. दफनभूमीत मोठ्याने गाणी वाजणे चिनी रिवाजात बसणारे नाही. येथे मात्र शांतता असती, तर तीच विचित्र वाटली असती.

नाव : ‘युआन’ म्हणजे बाग, याबद्दल वाद नाही. ‘युन’ या अक्षराचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. गायिकेचे जन्मनाव तंग ली-युन. त्यातील ‘युन’ या चिनी अक्षराचा अर्थ बांबूची हिरवी, टणक साल, व त्यावरून बांबू. प्रमाण उच्चार ‘युन’ असला, तरी सिच्वान प्रांतातील एका जिल्ह्याच्या नावात तेच अक्षर ‘च्युन’ असे वाचले जाते. अक्षर विरळ वापरातले असल्याने सामान्य वाचकही सर्रास ‘च्युन’ म्हणत आणि पुढे गायिकेने त्याच उच्चाराचे, सोपे, वेगळे अक्षर रंगमंचासाठी स्वीकारले, अशी सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत आहे. हा बदल नेमका केव्हा झाला, याची तारीख काढणे कठीण. १९६७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिची पहिली ध्वनिमुद्रिका आली, त्याच्या आसपासचा काळ धरणे सयुक्तिक ठरते. सोप्या अक्षरामागे केवळ व्यावसायिक सोय होती असेही म्हणता येईल. परंतु चुकीच्या वाचनाची हकिकत अक्षराच्या दुहेरी उच्चाराशी इतकी चपखल जुळते की तिलाच झुकते माप द्यावेसे वाटते. म्हणजे ‘तंग ली-च्युन’ हे प्रसिद्ध नाव एका परीने लोकांनीच ठेवले. समाधीवर मात्र जन्माचे अक्षर परत आले. बागेच्या नावाची अक्षरे तैवान प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सुंग छू-यू यांच्या हस्ताक्षरातील आहेत.

मराठी लेखनाबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. आडनाव रोमन लिपीत कोठे ‘ट’वर्गीय, कोठे ‘ड’वर्गीय अक्षराने लिहितात; मूळ ध्वनी अघोष व अल्पप्राण, म्हणजे आपल्या ‘त’च्या जवळचा, आणि स्वर ‘ए’ नसून ‘अ’सारखा. रोमन लिपीला जे साधत नाही, ते देवनागरीला सहज साधते : तंग ली-च्युन. तथापि ‘तेरेसा तेंग’ हे रूप रूढ झाल्याने येथे तेच ठेवले आहे.

चरित्ररेखा : तैवानच्या युनलिन जिल्ह्यातील पाओचोंग येथे जन्म. वडील चीनच्या हपेई प्रांतातून, आई शानतुंगमधून आलेली; वडील राष्ट्रवादी पक्षाच्या (क्वोमिन्तांगच्या) सैन्यात. चार भावांत एकुलती बहीण. शिक्षण अर्धवट सोडून ती पूर्णवेळ गाऊ लागली. १९७४ मध्ये जपानमध्ये पदार्पण व त्याच वर्षी नवोदित गायिकेचा पुरस्कार. १९७९ मध्ये इंडोनेशियाच्या खोट्या पारपत्राच्या प्रकरणी तिला जपान सोडावे लागले व वर्षभर प्रवेशबंदी झाली. काही काळ अमेरिकेत अभ्यास करून ती परतली, आणि १९८४, १९८५ व १९८६ अशी सलग तीन वर्षे जपानच्या केबल प्रसारण पुरस्कारांतील सर्वोच्च मान तिने मिळवला. पुढे हाँगकाँग व पॅरिस येथे वास्तव्य. ती अविवाहित होती.

मुख्य चीनमधील स्थान : तेरेसा तेंगवरील जिव्हाळ्याचे मूळ शोधताना येथेच थांबावे लागते. ती चीनच्या मुख्य भूमीवर एकदाही गेली नाही, तरी तिचा सर्वांत मोठा श्रोतृवर्ग बहुधा तेथलाच. १९७८ नंतर आर्थिक धोरण सैल झाले, तशा हाँगकाँगमार्गे कॅसेट येऊ लागल्या. ज्या चपट्या, आडव्या टेपरेकॉर्डरवर त्या ऐकल्या जात, त्याला लोक ‘वीट’ म्हणत. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल होई. प्रत्येक नकलेत खरखर वाढे, गाण्याचा वरचा पट्टा मिटत जाई आणि सातव्या-आठव्या हाती आलेल्या फितीत आवाज जणू कांबळ्याखालून येई. ऐकणारे दार लावून, आवाज बारीक करून, फीत पुढेमागे फिरवत शब्द वहीत उतरवून घेत. ‘दिवसा थोरल्या तंगचे ऐकायचे, रात्री धाकटीचे’ ही त्या काळची म्हण. थोरला तंग म्हणजे सर्वोच्च नेते तंग श्याओ-फिंग. दोघांचे आडनाव एकच, हे या म्हणीचे मर्म.

तिच्या गाण्यांवर तेथे बंदी होती का, हा प्रश्न वादाचा आहे. लोकप्रिय लेखनात ‘बंदी’ हा शब्द निःशंकपणे येतो. काटेकोरपणे पाहू जाता तीन निरनिराळ्या गोष्टींची यात सरमिसळ झालेली दिसते. एक, सरकारी आकाशवाणीने गाणी न लावणे, जे धोरण होतेच. दोन, संगीतक्षेत्रातील अधिकृत टीका : १९८० च्या सुमारास १९३० च्या दशकातील एका जुन्या शांघाय-गीतावरून तिच्या गायनावर लेख आले आणि १९८२ मध्ये पेइचिंगच्या एका सरकारी संगीत प्रकाशनसंस्थेने ‘अश्लील’ गाणी कशी ओळखावीत, यावर पुस्तिका काढली. तीन, १९८३ मधील ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्धची मोहीम, जिच्यात कॅसेट जप्त झाल्या. तिचे नाव घेऊन काढलेला एकच एक बंदीहुकूम मात्र कोणी पुढे केल्याचे दिसत नाही. त्यामुळे ‘बंदी’पेक्षा ‘व्यवहारात मज्जाव’ म्हणणे अधिक बरोबर. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने अर्थात फरक थोडाच : कॅसेट गेली ती गेली.

टीकेत वारंवार येणारा शब्दप्रयोग ‘मरगळ आणणारे सूर’ असा आहे. तो अतिप्राचीन असून ‘हान फेइ’ या इसवी सनापूर्वीच्या ग्रंथात, जे सूर ऐकल्याने राज्य लयास जाते त्यांच्या कथेत आढळतो. विसाव्या शतकातील टीकाकारांनी तो नरम, शृंगारिक चालींना लावला. १९९५ मध्ये गायिका वांग फेइ हिने तेरेसाच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा तिने आपले नाव गुंफून नेमका हाच शब्दप्रयोग शीर्षकात घेतला. शिवी मिरवण्याजोगी व्हायला पंधरा वर्षे लागली.

गायनशैली : टीकेमागे तांत्रिक कारणही होते. १९७० च्या दशकातील चिनी सार्वजनिक गायन मोकळ्या मैदानासाठी घडले होते : उघडा गळा, चढा पल्ला, समूहस्वर. तेरेसा मायक्रोफोनच्या अगदी जवळ गाते. तिच्या ओळीच्या शेवटी स्वराबरोबर थोडा श्वास सुटतो, स्वर तुटत नाही, नुसता विरतो. हा श्वासमिश्रित लगाव एकाच माणसाच्या कानासाठी असतो. चिनी गायिका ली कू-यी हिने त्याच सुमारास एका गीतात असा लगाव वापरला, तेव्हा तिच्यावरही कडक टीका झाली. म्हणजे आक्षेप शब्दांइतकाच लगावावरही होता. ज्या पिढीने लाउडस्पीकरवर घोषणाच ऐकल्या, तिला कोणी कानाशी हळू बोलल्यासारखे वाटले असेल, तर तो आवाज ती कसा विसरणार? थांग-सुंग काळातील जुन्या काव्यावर आधारित १९८३ चा संच या शैलीचा उत्तम नमुना मानतात व तो मानही योग्य आहे. जपानी गीतांत हाच गळा अधिक आवरलेला लागतो.

तिच्या सर्वाधिक परिचित गीतांचे मूळ तिच्याकडे नाही, हेही नोंदवले पाहिजे. चंद्राला साक्ष ठेवणारे प्रसिद्ध प्रेमगीत १९७३ मध्ये छन फन-लान हिने गायिले होते. तेरेसाचे ध्वनिमुद्रण १९७७ चे. १९७९ च्या ‘थ्येन मी मी’ची चाल ‘दायुंग सांपान’ या इंडोनेशियन गीताची आहे. तरीही कोणाला विचारले, तर गाणी तिचीच.

मृत्यू व अंत्यसंस्कार : थायलंडमधील छ्यांग माइ येथे, हॉटेलात मुक्कामाला असताना, ८ मे १९९५ रोजी दम्याच्या झटक्याने तिचा मृत्यू झाला. दम्याचा त्रास तिला होताच. शवविच्छेदन झाले नाही, आणि त्या मोकळ्या जागेत अफवा शिरल्या. ती गुप्तहेर होती हे त्यांतले सर्वांत टिकाऊ कथन. तैवानी सैनिकांसाठीचे तिचे कार्यक्रम जगजाहीर होते. त्यावरून गुप्त कामगिरीचा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही आणि वैद्यकीय कारण स्वीकारण्यात काहीच अडचण नाही. २८ मे रोजी तैवानमध्ये सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. शवपेटीवर राष्ट्रध्वज व राष्ट्रवादी पक्षाचा ध्वज होते. हजारो लोक रस्त्यावर आले.

स्मृतिपरंपरा : चाहते येतात ते मुख्यतः पुण्यतिथीला व २९ जानेवारीला. एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग सणात, म्हणजे समाधी झाडून पूर्वजांना अन्न-फुले वाहण्याच्या दिवशी, दफनभूमीत इतर कुटुंबांचीही गर्दी असते. आपल्याकडच्या सर्वपित्रीशी त्याची तुलना मनात येते, पण ती ताणू नये : छिंगमिंग वसंतात येतो आणि त्याचा केंद्रबिंदू थडगे हा आहे. समाधी झाडण्याचे कर्तव्य तेथे वंशजांचे. तेरेसाला अपत्य नव्हते. भावंडांनी प्रतिष्ठान स्थापून व्यवस्था ठेवली. पण शिलेवरचा पाचोळा हाताने बाजूला करणारी, आणलेल्या फुलांचे देठ सारखे करून ठेवणारी अनोळखी माणसे रूढीच्या भाषेत तिची कोणीही लागत नाहीत. तैवान, हाँगकाँग, जपान, मुख्य चीन आणि आग्नेय आशिया येथून ती येतात.

पियानोची पट्टी हा या परंपरेतला सर्वांत जिवंत भाग. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एवढ्या मोठ्या आहेत की त्या बोटांनी नव्हे, पायांनी वाजवायच्या. पट्टीवर पाऊल पडले की सूर उमटतो. एकट्या माणसाला पूर्ण ओळ वाजवायची, तर लांब ढांगा टाकत धावावे लागते. म्हणून दोघे-तिघे मिळून स्वर वाटून घेतात, एकजण गुणगुणतो, दुसरा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. स्मारकांच्या शिल्पकलेत हे दुर्मीळच : समाधीला आलेला माणूस हात जोडून उभा राहत नाही, गायिकेचे काम थोडा वेळ स्वतः करतो.

१९८० च्या सुमारास टीकेचे निमित्त झालेल्या जुन्या शांघाय-गीताच्या शीर्षकाचा अर्थ ‘तू परत कधी येशील?’ असा. त्यातील ‘तू’साठीचे अक्षर आणि तिच्या रंगमंचीय नावातील ‘च्युन’ एकच. १९९५ नंतर हा श्लेष तिच्या आठवणींच्या लेखनात वारंवार दिसतो. हाँगकाँगच्या १९९६ मधील एका चित्रपटात, ज्याचे चिनी नाव ‘थ्येन मी मी’च आहे, ताटातूट झालेले दोघे न्यूयॉर्कमधील दुकानाच्या काचेतल्या दूरचित्रवाणीवर तिच्या मृत्यूची बातमी बघत एकमेकांसमोर येतात. २०१३ मध्ये तैपेईत गायक चोउ चिए-लुन याच्या कार्यक्रमात संगणकाने घडवलेली तिची प्रतिमा त्याच्याबरोबर गायली.

इतर स्थळे : छ्यांग माइमधील हॉटेलची १५०२ क्रमांकाची खोली व हाँगकाँगच्या स्टॅन्ली भागातील तिचे घर ही चाहत्यांच्या वाटेवरची ठिकाणे ठरली. चीनच्या किनाऱ्यालगतच्या, पण तैवानच्या ताब्यातील चिनमन बेटावरील पेइशानची ध्वनिक्षेपक भिंत वेगळ्या प्रकारची आहे. १९६७ मध्ये बांधलेल्या या काँक्रीटच्या भिंतीत ४८ ध्वनिक्षेपक असून त्यांची तोंडे समुद्रापलीकडे, चीनच्या किनाऱ्याकडे आहेत. प्रचारयुद्धाच्या काळात तेथून तिची गाणी सोडली जात, आणि ती स्वतः तेथे जाऊन पलीकडच्या श्रोत्यांशी बोलली होती. किनाऱ्यावरच्या ज्यांना कॅसेट मिळत नसे, त्यांच्यापर्यंत वारा अनुकूल असला की आवाज पोचे. तोफा थांबल्या, प्रसारण बंद झाले. आता भिंत पर्यटकांसाठी खुली आहे आणि तिचे ते ध्वनिमुद्रित बोलणे तेथे लावले जाते. ऐकणाऱ्यांत पलीकडच्या किनाऱ्यावरून बोटीने आलेलेही असतात.