लाकडी पेटीवरचा शिक्का : परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी माहिती

रावेर-यावलची केळी असोत, जळगाव एमआयडीसीतले पाइप असोत की धुळ्याहून निघणारं मशीन. माल लाकडी पेटीत किंवा पॅलेटवर (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर) परदेशी जाणार असेल तर बहुतेक देशांत त्या लाकडावर प्रक्रियेचा शिक्का बघतात. मालाचे कागद चोख असूनही निव्वळ लाकडापायी कंटेनर अडकतो, तोही परक्या बंदरात. तिथे पेटी नष्ट करण्याचा नाहीतर माल परत आणण्याचा खर्च शेवटी पाठवणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. म्हणून पेटीची ऑर्डर देतानाच शिक्क्याचं बोलून घ्या.

नियमाचं नाव आयएसपीएम १५, म्हणजे वनस्पतींना कीड-रोगांपासून जपण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक. कच्च्या लाकडातून किडे आणि अळ्या देशोदेशी पोचतात. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियातला लांब मिशांचा भुंगेरा सापडला आणि पुढे तिथली हजारो झाडं तोडावी लागली. हा नियम २००२ मध्ये आला.

निव्वळ प्लायवुड, पार्टिकल बोर्ड किंवा ६ मिमी व त्याहून पातळ लाकूड यांना शिक्का लागत नाही. पण प्लायवुडच्या पेटीखाली सागाचे, आंब्याचे नाहीतर निलगिरीचे ठोकळे मारले, तर त्या ठोकळ्यांना लागतो. माल हलू नये म्हणून कंटेनरमध्ये ठोकलेल्या फळ्यांनाही लागतो. पेटीवर शिक्का आणि आत साध्या फळ्या, अशानं बरेच जण अडकतात.

आपल्याकडे प्रक्रिया मुख्यतः दोन. भट्टीत लाकडाच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं ५६ अंश ठेवायचं, तिला एचटी म्हणतात. दुसरी मिथाइल ब्रोमाइडची धुरी, म्हणजे एमबी. तिला किमान २४ तास लागतात. लाकूड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं किंवा रंगवलेलं असेल तर वायू आत शिरत नाही. मालात रबर, फोम किंवा चामडं असेल तर या वायूनं त्याला वास लागतो, तेव्हा भट्टीचं लाकूडच घ्या. नुसतं उन्हात वाळवलेलं लाकूड चालत नाही, मग ते आपल्या मे महिन्यातलं ऊन का असेना.

शिक्का मारण्याचा अधिकार केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयानं, म्हणजे फरिदाबादच्या कार्यालयानं, मान्यता दिलेल्या संस्थेलाच आहे. शिक्क्यात गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, भारताचा कोड आयएन, संस्थेचा क्रमांक आणि एचटी किंवा एमबी एवढं असतं. तो ठसठशीत हवा, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर; लाल-केशरी रंग टाळा. हातानं काढलेला चालत नाही. फळीवर साल राहिली असेल तर तिची रुंदी ३ सेंमीपेक्षा कमी हवी. त्याहून रुंद असेल तर त्या तुकड्याचं क्षेत्रफळ ५० चौ. सेंमीच्या आत हवं.

संस्थेकडे जाताना इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, आयईसी (आयात-निर्यात कोड) क्रमांक, जीएसटी नोंदणी, माल कोणत्या देशात कोणाकडे चालला त्याचा पत्ता आणि पेट्यांची संख्या-मापं जवळ ठेवा. आयईसी नसेल तर तो आधी काढा. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर पॅन, पत्ता आणि बँक खात्याच्या कागदांवर मिळतो, फी ५०० रुपये. प्रक्रियेनंतरचं प्रमाणपत्र नीट वाचा: पेट्यांची संख्या, प्रक्रियेचा प्रकार आणि तारीख इन्व्हॉइसशी जुळली पाहिजे. केळीसारख्या शेतमालाला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, वेगळं लागतं. लाकडाच्या शिक्क्यानं ते काम भागत नाही.

आरा गिरणी किंवा पेटीचा कारखाना असणाऱ्यांना स्वतःची भट्टी घालून मान्यता घेता येते. त्यासाठी संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो. भट्टी, गाभ्याचं तापमान मोजणारे तपासून घेतलेले सेन्सर, प्रशिक्षित माणूस आणि प्रत्येक खेपेची नोंद हे सगळं पाहणीत बघतात. मान्यता हाती येईपर्यंत दुसऱ्याच्या क्रमांकाचा शिक्का भाड्यानं घेऊन मारू नका. अडकलेल्या पेटीवरून तो क्रमांक थेट शोधता येतो.

जुनी पॅलेट दुरुस्त करून वापरायची असेल तर बदललेली प्रत्येक फळी प्रक्रिया केलेली आणि शिक्क्याची लागते. एक तृतीयांशापेक्षा जास्त फळ्या बदलल्या तर जुने शिक्के पुसून संपूर्ण पॅलेट पुन्हा प्रक्रियेला द्यावी लागते.