एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन: किट मागवण्याआधी गाडीखाली पाहा

एमजीबी ही स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन इथे तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि मालकाची पंचाईत तिथेच होते. कॅटलॉगमध्ये जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा), कडक स्प्रिंगा, पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यांत बसणारे लवचीक अस्तर), टेलिस्कोपिक म्हणजे नळकांड्याच्या शॉकॲब्सॉर्बरचे किट असं सगळं शेजारीशेजारी छापलेलं असतं. यातलं आधी काय घ्यायचं ते गाडीची रचनाच सांगते.

या सस्पेन्शनचं मूळ अलेक इसिगोनिस आणि जॅक डॅनियल्स यांनी दुसऱ्या महायुद्धाआधी केलेल्या आराखड्यात आहे. मॉरिस मायनर आणि मिनी घडवणारे ते हेच इसिगोनिस. तो आराखडा 1947 च्या एमजी वाय टाइपमधून बाजारात आला आणि एमजीए या गाडीमार्गे एमजीबीपर्यंत पोचला. खाली विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारी, वरखाली हलणारी दुहेरी दांडी), मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि वर आर्मस्ट्राँग कंपनीचा लिव्हर-आर्म, म्हणजे दांड्यांनी चालणारा, शॉकॲब्सॉर्बर. हा शॉकॲब्सॉर्बर क्रॉसमेंबरवर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन पेलणाऱ्या आडव्या तुळईवर, चार बोल्टांनी बसतो आणि त्याच्या दोन दांड्या हाच वरचा विशबोन असतो. म्हणजे एकच भाग दोन कामं करतो: उसळी मारणाऱ्या स्प्रिंगला आवर घालायचा आणि चाक उभं धरायचं.

टेलिस्कोपिक किट घेताना नेमकी हीच गोष्ट लक्षात राहत नाही. बहुतेक स्वस्त किटमध्ये जुना शॉकॲब्सॉर्बर जागेवरच ठेवतात, फक्त त्याचे व्हॉल्व्ह काढून टाकतात. त्याच्या स्पिंडलमध्ये (दांड्या ज्यावर फिरतात त्या आसात) प्ले म्हणजे ढिलेपणा असेल तर तो तसाच राहतो, ब्रेक मारताना चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, बदलतो आणि गाडी डगमगते. नवा नळकांड्याचा शॉकॲब्सॉर्बर त्यावर काहीही करू शकत नाही. स्पिंडल नवीन बुशमध्ये बसवून रिकंडिशन केलेला लिव्हर-आर्म रस्त्यावरच्या वापराला पुरतो. त्यात 20 ग्रेडचं शॉकॲब्सॉर्बर ऑइल घालावं. घट्ट ऑइल घालून तो कडक करण्याचा उपाय फसवा आहे. त्याने चाक वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळचा विरोध एकदम वाढतो, खड्ड्यात गाडी ठोकर खाते आणि जुन्या सीलवर ताण येतो. कडकपणा हवाच असेल तर व्हॉल्व्ह बदलून घ्यावा.

खरेदीआधीची तपासणी अर्ध्या तासाची आहे. स्प्रिंगच्या तव्याखाली (स्प्रिंग ज्यावर टेकते त्या खालच्या पत्र्याखाली) जॅक लावून चाक उचला, म्हणजे सस्पेन्शन दाबलेलं राहील, आणि गाडी स्टँडवर टेकवा. चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्याभोवती डावीउजवीकडे वळतं तो उभा खिळा), ट्रनियन (त्याला विशबोनशी जोडणारा सांधा) किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या स्पिंडलचा. बेअरिंगच्या मधला स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि शिम (पातळ चकत्या) कधीही वगळू नयेत. ते स्टब ॲक्सलला, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आखूड आसाला, ताकद देतात, ते नसतील तर ॲक्सल मोडल्याची उदाहरणं आहेत. बेअरिंगचा एंड-फ्लोट, म्हणजे आसाच्या दिशेतली मोकळीक, 0.05 ते 0.10 मिमी ठेवायचा. किंगपिनला दर बाजूला तीन ग्रीस निप्पल आहेत. चाक अधांतरी ठेवून ग्रीस मारलं, तरच ते वजन पेलणाऱ्या पृष्ठभागांमध्ये शिरतं.

पैशाचा सर्वांत चांगला मोबदला देणारा बदल म्हणजे खालच्या विशबोनचे बुश. मूळचे रबरी बुश दोन तुकड्यांचे असतात आणि तेलाने फुगून लवकर ढिले होतात. एमजीबी जीटी व्ही8 या 1973 ते 1976 च्या गाडीचे बुश त्याच जागी बसतात. गाडीला चार लागतात, आणि त्यांत रबर लोखंडी नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. विशबोन वरखाली होतो तेव्हा ते रबर पिळवटतं. म्हणून नट गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीत उभी असतानाच आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेनचे बुश आणखी घट्ट असतात, पण रस्त्याची खरखर जास्त आत आणतात आणि ग्रीस कमी पडलं की करकरतात. रोजच्या गाडीला व्ही8 बुशच योग्य.

यानंतर अँटी-रोल बार. पिळला जाणाऱ्या दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 9/16 इंची (सुमारे 14.3 मिमी) बारऐवजी 3/4 इंची (19 मिमी) घातला तर व्यास तिसऱ्या हिश्शाने वाढतो, कडकपणा मात्र तिपटीहून अधिक. 7/8 इंचीला तो जवळपास सहापट होतो. पुढचा बार जितका कडक, तितकं वळणावर पुढच्या बाहेरच्या चाकावर जास्त वजन येतं. त्या टायरची पकड आधी संपते आणि गाडी नाकाने बाहेर सरकते. रस्त्यासाठी 3/4 इंची ही बहुतेक गाड्यांची मर्यादा धरावी. सप्टेंबर 1974 नंतरच्या काही उघड्या टपाच्या गाड्यांना पुढे बारच नव्हता. त्यांना तो बसवला की फरक लगेच कळतो.

गाडी खाली बसवताना मात्र दमाने घ्या. त्याच 1974 मध्ये रबरी बंपर आले तेव्हा गाडी सुमारे 38 मिमी उंच केली गेली, पुढच्या बाजूला तर क्रॉसमेंबरच बदलून. नुसत्या आखूड स्प्रिंगांनी ती खाली आणली की खालचे विशबोन बाहेरच्या टोकाला वर चढतात. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली घसरतो, आणि गाडी खाली येऊनही वळणावर कलण्याची प्रवृत्ती वाढते. 20-25 मिमीपेक्षा जास्त उतरवू नये. स्प्रिंग कापू तर नयेच: कापलेलं टोक तव्यात नीट बसत नाही, शिवाय उरलेले वेटोळे कमी झाल्याने स्प्रिंग कडक होते.

स्प्रिंग काढताना तिच्यात मोठी ऊर्जा दाबलेली असते. तव्याचे सगळे बोल्ट एकदम सोडले तर ती बाहेर उडते. तव्याच्या समोरासमोरच्या दोन भोकांत लांब आटे असलेले बोल्ट घाला, तव्याखाली जॅक ठेवा, बाकीचे बोल्ट काढा आणि मग त्या दोन लांब बोल्टांचे नट आलटूनपालटून थोडेथोडे सोडत तवा खाली आणा.

कॅम्बर आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) मूळ रचनेत बदलता येत नाहीत. कॅस्टर सुमारे 7 अंश आहे. निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) हवा तर लांब विशबोन किंवा ऑफसेट ट्रनियन बुश घ्यावे लागतात, आणि ते घातले की टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली असण्याचं माप) बिघडतोच. त्याचं मूळ मोजमाप 1.6 ते 2.4 मिमी. नव्या बुशांवर सुमारे 500 किमी चालवून झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत आणि मगच अलाइनमेंट करून घ्यावं. त्याआधी केलं तर बुश बसल्यावर आकडे परत सरकतात.